परेशची सुपारी

पनवेल, १२ सप्टेंबर

परेश,

वर 'चिरंजीव' लिहायला पेन टेकवला आणि उचलला. तू चिरंजीव हो नायतर मसणात जा, माझं आज काय म्हणणं नाय.

फोन बंद करून बसलायस म्हणून कागदावर लिहिते. काशिरामनंच तुला ट्रेलरमधनं गांधीधामला नेऊन सोडलं ना? आधी कबूल होत नव्हता मेला. न्हावा शेव्याच्या गेटावर चार ड्रायव्हरांसमोर त्याची गचांडी धरली, तेव्हा पोपटासारखा बोलला. त्याच्याच हातात हे पत्र देणार हाय. फाडलंस तर दुसरं लिहीन. तू किती फाडतोस तेच बघते.

तुझ्या भावोजींच्या हाताचं सांगते. तूच केलंयस, तर ऐकायला पण तूच पाहिजेस. टॉमी पंजावर बसली. टेम्पोच्या चाकाचे नट खोलायचा तो लोखंडी दांडा, तो तू माझ्या नवऱ्याच्या हातावर घातलास, आणि एकदा घालून थांबला नायस. जनरेटर धडधडत होता तरी हाड मोडल्याचा आवाज मला आला. सुकी फाटी मोडावी तसा. आणि ते तुझ्या उजव्या हाताशी उभे होते परेश, त्यांचा उजवाच हात तुझ्या जवळ होता. तू वाकून, पलीकडे जाऊन डावा शोधलास. बेंजोची बटणं डाव्या हातानं दाबतात हे तुला माहीत हाय, म्हणून. त्यामुळे मला कोणी सांगू नये की रागाच्या भरात झालं, नेम चुकला. तुझा नेम एकदम बरोबर होता.

मी तुझ्या कपाळात ढोलाची काठी घातली ती बरी बसली ना? रक्त डोळ्यात गेलं तसा तू पळालास. मला अजून एक घालायची होती. राहून गेली.

मला समजतच नाय रे. याच पावसात गाढी नदी आपल्या आळीत शिरली तेव्हा तुमी दोघं एका दोरीला धरून छातीभर पाण्यात उभे होतात. स्पीकर बुडाले, जनरेटर बुडाला, बाबांच्या वेळचा बेंजो त्याच्या पेटीसकट गेला. ढोल तेवढे तरंगत निघाले आणि तू येड्यासारखा एका ढोलामागे झेपावलास. पाण्यानं तुला फिरवलं, लाईटच्या खांबावर आपटलं. यांनी तुझे केस धरले आणि खेचलं. डाव्या हातानं खेचलं, उजव्यात दोरी होती. तुझ्या डोक्याचं कातडं सोललं होतं, तू शिव्या घालत होतास, आणि हे रडत होते.

मग करंजाड्याच्या कादंबरी मॅडम आल्या, त्यांच्या सोसायटीतली माणसं घेऊन. पुरात बुडालेल्या कलाकारांना पुन्हा उभं करायचंय म्हणाल्या. आपण एकमेकांच्या तोंडाकडे बघितलं. जन्मात आपल्याला कोणी कलाकार म्हटलं नव्हतं, 'ए बेंजोवाले, बाजूला घे' एवढंच. पण बाई खरी हो. गुडघाभर गाळात उतरून तिनं आपले ढोल शोधले, धुतले, आणि नेऊन टाकले कडक उन्हात. कातडी तडकली. "मॅडम, ढोल सावलीत सुकवतात!" म्हणून तू बोंबललास, तशी ती तिथंच गाळात बसून रडायला लागली. तूच मग तिला चहा पाजलास. पुढच्या आठवड्यात नवा बेंजो आला, नवा ढोल यायचा होता, आणि तुला ताप चढला. लेप्टो. पुराचं पाणी अंगात गेलेलं. तू पिवळा पडलास आणि सरकारी दवाखान्यात आत गेलास. तिथून सुई उपटून जो निघालास तो थेट उलव्याच्या विसर्जनाच्या मिरवणुकीत, टॉमी घेऊन.

का? तेवढं मला सांग.

हवालदार येऊन गेला. आपल्या बेंजो पार्टीतली पोरं म्हणतात, आमी पुढं नाचणाऱ्यांकडे बघत होतो, टेम्पोच्या मागं काय झालं आमाला माहीत नाय. यांना विचारलं तर हे म्हणाले, "शकूला विचारा. तिनं बघितलंय. ती सांगेल ते माझं." माझ्याकडे मान वळवली नाय. आणि मी काय म्हटलं असेन? म्हटलं, साहेब, पाऊस होता, डोळ्यात पाणी गेलं, कोण होता दिसला नाय.

तेव्हापासनं हे माझ्याशी बोलत नायत.

शकू


पनवेल, १९ सप्टेंबर

परेश,

तुझी चिठ्ठी काशिरामनं दिली. एका ओळीची. 'मी मरत होतो तेव्हा भावोजींनी माझी सुपारी घेतली.'

वाचून मी तवा भिंतीवर फेकला. पोपडा निघालाय भिंतीचा.

आपल्या धंद्याचा कायदा तू मला शिकवतोस? नारळ-सुपारी ज्याच्या हातात पडली, वाजवायचं त्यानंच. दुसऱ्याची सुपारी उचलणाऱ्याच्या मांडीला मांडी लावून कोणी जेवत नाय. यावरून बाबांनी सख्ख्या मावसभावाचं डोकं फोडलेलं, मी लहान होते, रक्त पुसायला फडकं मीच आणलं होतं. मला सगळं माहीत हाय. आता तुला जे माहीत नाय ते ऐक.

उलव्याच्या मंडळाची सुपारी तुझ्या हातात पडलेली, तुझ्या नावावर वाजायची, कबूल. तू आत ऑक्सिजनवर पडलेला. मंडळाचा कुमारशेठ आपल्या दारात आला आणि म्हणतो, तुमचा ढोलवाला खाटेला खिळला, मी कामोठ्याची पार्टी बघतो. हे तेव्हा ओट्यावर नारळ सोलत होते. तसेच कोयता घेऊन त्याच्या अंगावर धावले. "परेशची सुपारी परत जायची नाय! परेशची सुपारी मी घेतलीय, मी वाजवून टाकतो, बघतो कोण आडवा येतो!" सगळ्या आळीनं ऐकलं. कादंबरी मॅडम नवा ढोल घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थिजल्या. कुमारशेठ सुपारी तशीच ठेवून गाडीत बसला.

आणि तुझ्या जागेवर ढोलाला कोणाला उभं केलं? वाशीचा एक पोरगा यायला तयार होता. हे म्हणाले, परेशच्या ढोलाला परका हात लागायचा नाय. म्हणून मी उभी राहिले. मी! दोन पोरांची आई, पदर खोचून, भर मिरवणुकीत. बाबांनी शिकवलेलं सगळं विसरले नव्हते, पण खांदा सुजला. त्या टेम्पोवर बॅनर तुझ्या नावाचा होता. तू समोरून आलास तर तुला वाचता आला असता. तू मागनं आलास.

आमाला तुला सांगायचं होतं, पण आत कोणाला सोडत नव्हते. मी दोन वेळा गेले, वॉचमननं हाकललं. मग तुला हे कोणी सांगितलं? नाव दे त्याचं. त्याची जीभ हासडून हातात देते.

इकडं काय काय झालं ते पण घे ऐकून. माझा दीर सत्यजीत पोरं घेऊन तुझ्या घरी गेला. दार पहारीनं उचकटलं, टीव्ही फोडला, तुझी गाडी ढकलत नेली आणि गाढीत टाकली. मला कोणीतरी बोलवायला आलं. मी गेले आणि लांबून बघत उभी राहिले. थांबवलं नाय. माझा भाऊ म्हणून मधे पडावंसं वाटत होतं आणि माझा नवरा म्हणून मला वाटत होतं, अजून फोडा. सत्यजीत म्हणतो गांधीधामला जातो, त्याचे पाय तोडून आणतो. त्याला तुझा पत्ता मी सांगितला नाय. त्यानं काशिरामला पण धरला होता, काशिरामनं मार खाल्ला पण तोंड उघडलं नाय.

मागच्या पत्रात मी एक लपवलं. डॉक्टरनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की दोन बोटं परत वाकणार नायत. आतमध्ये तारा घातल्यात. मी यांना बोलले नव्हते. परवा ड्रेसिंगला गेलो तेव्हा नर्स बोलून गेली. घरी येऊन यांनी मॅडमनी दिलेला नवा बेंजो उजव्या हातात उचलला आणि ओट्याच्या कडेवर आपटला. परत आपटला. तारा तुटून गालाला लागल्या, रक्त आलं, तरी आपटतच होते. पोरं कपाटामागं लपली. मी मध्ये पडले तर मला ढकललं. परेश, लग्न झाल्यापासनं या माणसानं माझ्यावर हात उगारला नव्हता. मी पडले तर डोळे मोठे करून माझ्याकडे बघत राहिले आणि मग त्या लाकडाच्या चुऱ्यात बसले.

नाव पाठव.

शकू


करंजाडे ते पनवेल, २८ सप्टेंबर

परेश,

हे रिक्षात सुरू केलं, घरी पुरं करतेय. अक्षर लागलं तर लाव.

तू नाव पाठवलंस आणि माझा विश्वास बसेना. कादंबरी मॅडम! जिनं आपला गाळ उपसला ती! मी तशीच उठले, पायात चपला पण दोन वेगवेगळ्या. तिच्या सोसायटीच्या वॉचमननं वहीत नाव लिहायला सांगितलं, त्याला म्हटलं बाजूला हो, नायतर तुझंच नाव लिहायची पाळी येईल. वर गेले. दार तिनंच उघडलं. "अगं शकू, ये ना," म्हणते. मी तिचे केस धरले आणि तिला पार सोफ्यापर्यंत फरफटत नेलं.

"काय सांगितलंस माझ्या भावाला? आमचं घर बुडालं त्यात तुझं पोट भरलं नाय?"

ती किंचाळली, "मी त्याला वाचवायला गेले होते! तुझे मिस्टर त्याला मारणार होते!"

मला काय कळेचना. हात सैल झाला. म्हटलं, कोण मारणार होते?

"मी स्वतः ऐकलं ना! हातात कोयता होता. ओरडत होते, परेशची सुपारी मी घेतलीय, वाजवून टाकतो म्हणून. मी किती घाबरले! कम्प्लेंट केली असती तर तुमच्या सगळ्यांवर केस, आमच्या ग्रुपनं मदत थांबवली असती. म्हणून मी हॉस्पिटलमध्ये गेले. मला आत सोडलं. त्याच्या कानात सांगितलं, तुमच्या भावोजींनी तुमची सुपारी घेतली आहे, इथून बाहेर पडू नका. एवढंच. बाहेर पडू नका म्हटलं होतं मी!"

परेश, मी हसले. देवाशप्पथ. तिचे केस मुठीत, आणि मला हसू आवरेना. तिच्या लेखी सुपारी म्हणजे गुंडाला देतात ती, माणूस उडवायची. आणि वाजवून टाकणं म्हणजे खलास करणं. तिनं तुला सांगितलं की तुझा खून होणार हाय, आणि तू ऐकलंस की तुझं गिऱ्हाईक गेलं. जीव जाणार म्हटलं असतं तर तू खाटेवरच पडून राहिला असतास. गिऱ्हाईक गेलं म्हटल्यावर उठलास.

हसता हसता मला उलटी झाली, तिच्या त्या पांढऱ्या फरशीवर. तिनंच पुसली. मग मी तिला सांगितलं की आमच्यात सुपारी कशाला म्हणतात. ती ऐकत होती आणि तिचं तोंड असं होत गेलं की मला तिची दया आली. आणि दया आली म्हणून राग पण आला. एवढे दिवस आमच्यात बसली, आमच्या हातचं सुकट-भाकरी खाल्ली, आमचे ढोल धुतले. एक शब्द विचारायला काय झालं होतं?

मी निघताना ती म्हणाली, मी तुझ्या मिस्टरांची, आनंदादादांची माफी मागते, व्यायामाला डॉक्टरकडे रोज माझ्या गाडीनं नेते, हात बरा होईपर्यंत. मी म्हटलं, न्या. पण माफी मागायला उजव्या बाजूला उभ्या राहा, डाव्या बाजूला कोणी आलं तर ते आता दचकतात.

घरी आले आणि यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, आता तरी गाठ सुटेल. चुकी त्या बाईची, शब्दाची, तापाची, तुमची दोघांची नाय. मी तर मनातल्या मनात तुला घरी आणून जेवायला पण बसवलं होतं. हे ऐकून घेत राहिले आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"बाईनं शब्द चुकीचा ऐकला. परेशनं बरोबर ऐकला ना? सुपारी म्हणजे सुपारीच ऐकली ना त्यानं? मग मला विचारायला त्याचं तोंड गेलं होतं?"

याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर लिही. खरं काय ते तुला आता कळलंय. मी वाट बघते.

शकू


पनवेल, ५ ऑक्टोबर

परेश,

आज पोलीस ठाण्यात जाऊन तुझं नाव दिलं.

मला कोणी पाठवलं नाय. सत्यजीतला माहीत नाय, मॅडमला माहीत नव्हतं. यांना निघताना सांगितलं, नुसतं "बरं" म्हणाले.

तुझं पत्र आलं म्हणून गेले. मोठं लिहिलंस या खेपेला, दोन्ही बाजूंनी. 'ताई, माझी चूक झाली, मला काय माहीत, मॅडमनंच सांगितलं, मला ताप होता, डोकं फिरलं होतं. तू पोलिसांना काय बोलू नकोस. लग्नसराईपर्यंत सगळं थंड होईल, मग मी येतो. सत्यजीतला समजाव. माझी गाडी पाण्यातनं काढता येईल का बघ.' मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. चष्मा लावून वाचलं. मला वाटलं, कुठंतरी असेल, एखाद्या ओळीच्या शेवटी असेल. हाताचं एक अक्षर नाय. बोटं कशी हायत, दुखतं का, जेवतात कसे, काय नाय. गाडीचं हाय.

मी ते यांना वाचून दाखवलं. दाखवायला नको होतं, पण दाखवलं. त्यांना राग आला नाय. आला असता तर बरं झालं असतं. व्यायामाचा तो रबरी चेंडू दाबत होते, मॅडमनं आणलेला. तीन बोटांनी दाबतात आणि दोन तशीच ताठ उभी राहतात. म्हणाले, "शकू, तो टेम्पोमागं आला तेव्हा मी त्याला काय म्हटलं, तू ऐकलंस?"

मी ऐकलं नव्हतं. जनरेटर होता, मी खांद्यावरचा पट्टा सोडवत होते.

"त्याला बघून मला एवढा आनंद झाला. म्हटलं, वाचला पोरगा, उठून आला. मी म्हटलं, आलास? घे, ढोल घे. शकूचा खांदा गेलाय. आणि मी हात पुढं केला त्याला टेम्पोत चढवायला."

डावा हात पुढं केला होता परेश. तुला शोधावा लागला नाय. मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं की तू वाकून डावा शोधलास, ते माझं चुकलं, मी मागनं बघत होते. ते कापून टाक. त्यांनी तो तुझ्या समोर धरला होता, आणि तू त्याच्यावरच घातलास.

आता मला सांग, तू ऐकलं होतंस का? 'ढोल घे' हे तू ऐकलंस का, आणि ऐकून मारलंस का? मी रात्रंदिवस तेवढाच विचार करते. नसशील ऐकलं तर तू माझा ताप आलेला मूर्ख भाऊ हायस. ऐकलं असशील तर तू कोण हायस मला ठाऊक नाय. आणि हे तुझ्याशिवाय कोणाला माहीत नाय.

ठाण्यात बाई होती लिहून घ्यायला, चांगली होती. आधी का सांगितलं नाय विचारलं. म्हटलं, भाऊ हाय. "मग आता का सांगताय?" मी म्हटलं, पुरात त्याला यांनी केसांना धरून काढला, आणि हात मोडल्यावर त्यानं एकदा विचारलं नाय. ती म्हणाली, हे जबाबात बसत नाही. म्हटलं, नका बसवू, तुमी नाव लिहा. परेश जनार्दन घरत. नातं विचारलं, सांगितलं. पहिली सही वाकडी आली, तर तिनं दुसरी करायला लावली.

बाहेर आले तर मॅडमची गाडी, व्यायामाहून येताना यांनीच इकडं वळवायला लावलेली, हे आत बसलेले. मॅडम रडत गाडी चालवत होत्या, मी म्हटलं, पुढं बघा, समोर ट्रेलर हाय.

घरी दुसरा बेंजो आलाय, कोणाचा तरी जुना. हे संध्याकाळी घेऊन बसतात. बटणं चुकतात, मग शिवी देतात, मग परत पहिल्यापासनं. वाजत नाय. मी चुलीपाशी बसून ऐकते आणि चपात्या करपतात.

काशिराम सोमवारी गांधीधामला पोहोचेल. त्याला सांगितलंय, येताना तुला बाजूला बसवून आणायचं आणि थेट ठाण्याच्या दारात उतरवायचं. मी तिथं असेन. तुला बघून मी पायातली काढीन का गळ्यात पडेन, मला आत्ता सांगता येत नाय, पण आत तुझ्याबरोबर मीच येणार, आणि तुझा डबा मीच आणणार, किती वर्षं आणायला लागला तरी. तू ट्रेलरमध्ये बसला नायस तर बुधवारी पोलीस तिकडं निघतील. तुला शोधायला त्यांना काय त्रास पडायचा नाय, पत्ता मीच दिलाय.

शकू